मानाचा बदल

"काका, बिरनाळे साहेबांचा हात तोडा," वैजू म्हणाली.

मी बशीतला चहा तोंडापर्यंत नेला होता, तो तिथंच थांबला.

"कुठला? उजवा का डावा?"

"कोडमधला," असं म्हणून तिनं लॅपटॉप माझ्या कपाशेजारी आपटला.

चपला तिच्या हातात होत्या आणि पाय घोट्यापर्यंत ओले. पहाटेपासून बागा तुडवून आली होती. त्या दिवशी करंजवडीत धुकं पडलं होतं, आणि धुकं म्हणजे कसलं! तोंड धुताना मी पंचा सहज बाजूला टाकला, तर तो खाली पडलाच नाही, धुक्यावरच लोंबकळत राहिला. बायको म्हणाली, "काढा तो लवकर, धुकं उठलं की वर जाईल." खोटं वाटत असेल तर तिला विचारा. ती माझ्या बाजूनं कधीच बोलत नाही.

"झालंय काय?" मी विचारलं.

"काल पहाटे तीन केंद्रांवर पान अकरा तास ओलं होतं. आणि फोन गेला नाही. एकालाही नाही."

आता माझ्या हातातली बशी खाली आली.

हे प्रकरण काय होतं ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी करंजवडी द्राक्ष बागायतदार संघाचा सेक्रेटरी होतो. संघानं बागांमधून सात ठिकाणी हवामान केंद्रं बसवली होती. द्राक्षाचं पान किती तास ओलं राहिलं ते ती केंद्रं मोजायची. दहा तासांच्या वर गेलं की डाऊनीचा धोका. डाऊनी ही बुरशी अशी की सकाळी औषध पडलं तर बाग तुमची, दुपार केलीत तर बाग तिची. म्हणून दहा तास उलटले की पहाटे पाचला चौदाशे बागायतदारांचे फोन एकदम वाजायचे आणि आतून वैजू बोलायची, "पान ओलं आहे. आज फवारणी घ्या." आवाज आधीच भरून ठेवलेला. पण लोकांना वाटायचं, पोरगी खरंच पहाटे उठून चौदाशे घरांना फोन लावते. मीही ते कधी खोडून काढलं नाही.

वैजयंता शेंडगे. बाप मेंढरं राखणारा, पोरगी सांगलीला इंजिनिअर झालेली. दोन वर्षांपासून संघात नोकरीला. तो सगळा प्रोग्रॅम ती एकटी सांभाळायची.

"दहाचे कुणीतरी सोळा केलेत," ती म्हणाली. "सोळा तास पान ओलं राहायला पाऊसच लागतो. मग धुकं कितीही पडू दे, फोन जाणारच नाही. दिवाळीच्या पाडव्याला केलंय. नाव साहेबांचं आहे."

"बिरनाळे साहेब? ते कशाला करतील?"

"ते त्यांना विचारा. मला एवढंच विचारायचंय, त्यांना करता कसं आलं?"

याचं उत्तर मला चांगलं माहीत होतं. कारण ते करता येईल अशी सोय मीच करून ठेवली होती.

प्रोग्रॅमचा सगळा मजकूर इंटरनेटवर एका सामायिक ठिकाणी ठेवलेला असतो. त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. आम्ही कोठार म्हणायचो. त्या कोठारात कुणाला नुसतं वाचता येतं, कुणाला वाचून लिहिता येतं आणि कुणाला मालकासारखं वाट्टेल ते करता येतं. कुणाला कुठला हक्क द्यायचा, ते ठरवणारा मी.

आमच्या गावात पालखी उचलायचा मान ठरलेला, होळीत पहिलं लाकूड टाकायचा मान ठरलेला. मग प्रोग्रॅमनंच काय घोडं मारलं होतं? खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरची पूजा करायचो, झेंडूची माळ, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. पहिल्याच वर्षी मला वाटलं, नुसता नारळ फोडून काय होतंय? मोठ्या माणसाच्या हातून प्रोग्रॅममध्ये एक बारीकसा बदल व्हावा. मी त्याला नाव दिलं मानाचा बदल. पाहुण्यानं बोट ठेवायचं, पडद्यावर एक ओळ उमटायची, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. पण बदल करायचा तर पाहुण्याला हक्क पाहिजे. आणि पाहुण्याला अर्धामुर्धा हक्क द्यायचा, हे काही बरं दिसत नाही. मी सरळ मालकी हक्क द्यायचो.

काढून घ्यायचा प्रश्नच नव्हता. बांधलेला फेटा कुणी परत मागतं का?

दर दसऱ्याला तीन पाहुणे. तीन वर्षांत नऊ मालक झाले. त्यात खतांचा एक दुकानदार होता, हायस्कुलाचे हेडमास्तर होते, प्रवचनकार होते आणि धोंडिराम सलगर नावाचा एक पैलवान होता. या धोंडिरामनं एकदा चालती जीप मागून धरली, तेव्हा ड्रायव्हर तासगावपर्यंत गिअर बदलत बसला आणि उतरून बघतो तो जीप करंजवडीतच. बिरनाळे साहेब त्या नवांतले सर्वांत वजनदार. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, शिवाय स्वतःची सहा एकर बाग.

आणि वैजू? वैजू पगारी होती, पाहुणी नव्हती. तिला वाचायचा हक्क.

ती काम करून मला पाठवायची आणि मी ते तपासून कोठारात चढवायचो. पहिला प्रोग्रॅम मीच तीन दिवसांत लिहिला, असं मी गावभर सांगितलं होतं. त्यामुळे तपासायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा कोण?

"हे घ्या," वैजू म्हणाली. "सोळाचे दहा केलेत. चढवा."

मी चष्मा कपाळावर घेतला, मग नाकावर घेतला, पाच मिनिटं भुवया आवळून बघितलं, "हं" म्हणालो आणि चढवलं. सकाळचे नऊ वाजले होते.

"आणि साहेबांचा हक्क?"

"बोलतो त्यांच्याशी."

"बोलायचं काय त्यात? एक क्लिक आहे."

"पोरी, क्लिक करायला बोट लागतं. आणि त्या बोटाला याच गावात राहायचं असतं."

ती माळावरच्या केंद्राची बॅटरी बदलायला निघून गेली.

दुपारी एकला परत आली. तोवर धुकं गेलं होतं, ऊन पडलं होतं, मी टेबलावर जरा मान टेकली होती.

"काका, परत सोळा झालंय."

मी ताडकन उठलो. "बिरनाळे! म्हातारा घरात बसून उद्योग करतोय!"

वैजूनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"काका, शनिवारपासून तीन दिवस ढग आहेत. बागा फुलोऱ्यात आहेत. या दिवसांत एक फोन चुकला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको."

"नको."

"फोन माझ्या आवाजात जातो. बाग गेली तर लोक दहा का सोळा ते बघायला येणार नाहीत. शेंडग्याच्या पोरीनं उठवलं नाही, म्हणतील. माझ्या बापाला बाजारात तोंड दाखवता येणार नाही."

"असं कोण म्हणेल?"

"सगळे." तिनं पिशवीतून एक कागद काढला. "पुण्याच्या कंपनीचं पत्र आलंय. सोमवारी हजर व्हायचंय. दोन आठवडे झाले, मी कुणाला बोलले नाही. मला जायचं नाही, काका. पण ज्याला माझा आवाज आहे, त्याला माझा हात लागत नाही, हे मी आणखी एक सीझन नाही करणार."

"मग काय करू म्हणतेस?"

"शनिवारच्या आत ज्यांचं तिथं काम नाही, त्या सगळ्यांचे हक्क काढा. सगळ्यांचे. आणि माझं काम मला चढवू द्या. नाहीतर सोमवारी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला."

मी तिचा दुरुस्त केलेला भाग पुन्हा चढवला आणि संध्याकाळी बिरनाळे साहेबांकडे गेलो.

साहेब झोपाळ्यावर बसले होते. उजवा गाल आंब्याएवढा सुजलेला. अर्ध्या तोंडानं म्हणाले, "या मगदूम."

"साहेब, ते दहाचे सोळा..."

"केले. पाडव्याला केले." साहेब लपवाछपवी करणारे नव्हते. "तीस वर्षं खात्यात काढली आहेत मी. माझ्या जमिनीत दहा तासांना काही होत नाही. आणि ती मुलगी पहाटे पाचला, 'पान ओलं आहे, पान ओलं आहे.' आमच्या सौभाग्यवती दचकून उठतात. त्यांना रक्तदाब आहे."

"मग आपला एकट्याचा फोन बंद करायचा, साहेब! मला सांगितलं असतं तर यादीतनं..."

"यादीतून नाव काढू?" झोपाळा थांबला. "मगदूम, संघाच्या स्थापनेपासून यादीत माझं नाव तिसरं आहे."

म्हणजे बघा. स्वतःचं नाव यादीतून काढायला नको, म्हणून माणसानं चौदाशे लोकांना झोपवलं. आणि मला त्यात फार काही वावगं वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. मीही तसंच केलं असतं.

"बरं, ते पाडव्याचं झालं. पण आज दुपारी परत कशाला केलंत?"

"आज? आज मी दिवसभर मिरजेला होतो. दाढ काढली." त्यांनी गालाकडे बोट केलं. "हे काय मी हौसेनं फुगवलंय?"

फोनवरूनही करता येतं, दाढेच्या खुर्चीत बसूनसुद्धा, असं मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, "हक्क परत घ्यायचा विचार चालू आहे."

"माझा?" साहेब उभे राहिले. "घ्या. जरूर घ्या. माझ्याबरोबर चाळीस सभासदांचे राजीनामेही घ्या."

आता माझी एक सवय तुम्हाला कळली असेल. कोपऱ्यात सापडलो की माझ्या तोंडून खरं बाहेर पडत नाही, आणि जे बाहेर पडतं ते खऱ्यापेक्षा बरं दिसतं.

"परत कुठं घेतोय, साहेब? बढती आहे! वरून पत्र आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

"आता वरून म्हणजे वरूनच. नवीन पद निघालंय. संरक्षक. मालकाच्या वरचं. संरक्षक स्वतः हात लावत नाही, तो फक्त बघतो. साहेब, कलेक्टर कधी स्वतः मोजणीची साखळी ओढतो का?"

"नाही," साहेब हळूहळू म्हणाले.

"उद्या चारला सत्कार आहे. शाल, श्रीफळ. पडद्यावर नाव."

ते परत झोपाळ्यावर बसले. "शाल कुठली? मागच्या वेळची फार पातळ होती."

म्हणजे जमलं. शुक्रवारी सकाळी मी उरलेल्या आठांकडे तेच पत्र घेऊन गेलो, म्हणजे न आलेलं पत्र. सात घरी काम चोख झालं. आठवा धोंडिराम. तो तालमीच्या ओट्यावर बदाम घोटत बसला होता.

"पैलवान, बढती आहे तुमची. संरक्षक..."

"काढून टाक की," तो म्हणाला.

"काय?"

"ते हक्काचं. कवाधरनं सांगायचं होतं तुला. त्या दसऱ्याला तू पासवर्ड लिहून दिलास, तवापास्नं मला धड झोप न्हाई. चुकून माझं बोट लागलं आणि चौदाशे बागा वाळल्या म्हंजे? मी फोनला हातच लावत न्हाई. पोरगी लावून देती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटंल म्हणून. एवढ्या हौसेनं दिल्यालं."

मी ओट्यावर टेकलो. धोंडिराम बदाम घोटत राहिला आणि जरा वेळानं म्हणाला, "मगदूम, काढायला नड कुणाची हाय? आमची का तुझी?"

"माझी कसली नड?" असं म्हणून मी उठलो.

चारला संघाची खोली भरली. शाळेतून प्रोजेक्टर आणला होता, भिंतीवर चादर लावली होती, टेबलावर नऊ शाली आणि नऊ नारळ. वैजू लॅपटॉपशी बसली होती. तिला एवढंच सांगितलं होतं की सगळ्यांचे हक्क निघतायत. सकाळपासून तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

मी बोलायला उभा राहिलो. कसलं बोललो! संरक्षक हे पद आजवर फक्त तीन देशांत दिलं गेलंय, असं मी म्हणालो. कुठले तीन, ते कुणी विचारलं नाही; माझ्याकडे नावं तयार होती. मग एकेक नाव घ्यायचं, मी क्लिक करायचं, चादरीवर त्या नावापुढचा मालकी हक्क जाऊन वाचायचा हक्क यायचा आणि वैजू शाल द्यायची. टाळ्या. हेडमास्तरांनी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली आणि वीस मिनिटं बोलले.

आठ झाले. राहिले बिरनाळे साहेब. गाल थोडा उतरला होता.

ते पुढं आले, पण शाल घ्यायला वाकले नाहीत.

"एक शंका आहे. आम्ही नऊ जण वर गेलो. खाली कोण राहिलं?"

"खाली मी आहे की," मी म्हणालो. "वैजूनं काम करायचं, मी तपासून चढवायचं. आजवर चाललंय तसंच."

वैजूच्या हातात शाल होती. ती तिनं टेबलावर ठेवली.

"तसंच, काका?"

"तुझं काम बिनघोर झालं ना आता? मधे लुडबुड करायला कुणी राहिलं नाही."

तिनं लॅपटॉपची वायर गुंडाळायला हात पुढं केला. तो हात बघून मला कळलं की सोमवारची गाडी आता ठरली.

"थांब, मुली," साहेब म्हणाले. "वायर काढू नकोस. मगदूम, काल दुपारी मी परत सोळा केले, असं तुम्ही माझ्या घरात येऊन म्हणालात. मी दाढेच्या खुर्चीत तोंड वासून होतो. माझी सही नसताना माझ्या नावावर काही खपवलेलं मला खात्यातही चाललं नाही. कोणी काय केलं, याची नोंद असते ना त्यात?"

"असते," वैजू म्हणाली.

"दाखव."

"जाऊ द्या ना, साहेब," वैजूच म्हणाली. "आता दुरुस्त झालंय."

"दाखव, मी म्हणतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी रुबाबात मान हलवली. साहेबांचं पितळ उघडं पडणार म्हणून मी आतून खूश होतो.

चादरीवर कालच्या गुरुवारची नोंद आली. सकाळी नऊ: सोळाचे दहा, चढवणारे रा. मगदूम. त्याच्या खाली दुपारी बारा वाजून सात मिनिटं: दहाचे सोळा.

चढवणारे रा. मगदूम.

मी चष्मा कपाळावर घेतला, नाकावर घेतला. नाव तेच.

मग मला आठवलं. त्या दुपारी डुलकी घ्यायच्या आधी माझ्या मनात आलं होतं, तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, फोनच्या शेवटी संघातर्फे शुभेच्छा द्याव्यात. मी माझ्या कॉम्प्युटरवर पडलेली जुनी, सोळावाली प्रत उघडली, शुभेच्छा घातल्या आणि चढवायला गेलो. यंत्रानं लाल अक्षरांत सांगितलं की तुमची प्रत जुनी आहे, हिच्यामुळे दुसऱ्याचं काम पुसलं जाईल. साध्या माणसाला यंत्र तिथंच थांबवतं. मालकाला विचारतं, तरीही चढवू? मी दर वेळी हो म्हणायचो. यंत्रानं मला शहाणपण शिकवायचं म्हणजे काय!

असं किती वेळा झालं असेल, कुणास ठाऊक. वैजूला ठाऊक होतं. काल दुपारी एकला तिनं परत सोळा झालं म्हणून सांगितलं, तेव्हाही ही नोंद बघूनच आली होती. मी बिरनाळ्यांच्या नावानं ओरडलो आणि ती नुसती बघत राहिली. ज्यांचं तिथं काम नाही त्या सगळ्यांचे हक्क काढा, म्हणाली. सगळ्यांचे, हे तिनं दोनदा सांगितलं होतं.

"काल का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही मला नोकरीला घेतलं, काका," ती म्हणाली. "मेंढरामागची पोरगी काय करणार, असं सगळे म्हणत होते तेव्हा."

मी खोलीकडे बघितलं. समोर सगळी माणसं, आणि मला अजून एक थाप सुचत होती, चांगली घसघशीत. यंत्राचं घड्याळ चुकलंय म्हणून. घशापर्यंत आली होती.

"पहिला प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही," मी म्हणालो. "सांगलीची दोन पोरं लिहून गेली. मला त्यातलं काही कळत नाही. दोन वर्षं ही पाठवते आणि मी नुसता 'हं' म्हणतो."

हेडमास्तर खोकले. कुणी हसलं नाही. मग मागून धोंडिराम उठला, स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. शाल आणि त्याचा तो हात, दोन्ही मिळून मी चार इंच जमिनीत गेलो.

"नऊच आणल्यास व्हय?" तो म्हणाला. "हिशेबात चुकलास. दहा पायजे होत्या."

तेव्हा कुठं खोली हसली. बिरनाळे साहेबही हसले, मग गाल धरून खाली बसले.

मालकी देऊन टाकायची तर यंत्र सहज सोडत नाही. नक्की का, विचारतं. मग कोठाराचं पूर्ण नाव एकेक अक्षर टाइप करायला लावतं, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे याची खात्री होते. मी एका बोटानं टाइप केलं. दोनदा चुकलं. वैजूनं मधे हात घातला नाही. तिसऱ्यांदा बरोबर आलं आणि चादरीवर मालक म्हणून एकच नाव उरलं: वैजयंता शेंडगे.

"आता माझं काढ," मी म्हणालो.

तिनं एक क्षण वाट बघितली आणि काढलं. "वाचायचा ठेवलाय."

मग जे केलं, ते मी एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं. तिनं स्वतःवर नियम घातला. तिचं कामसुद्धा दुसऱ्या कुणी वाचून हो म्हटल्याशिवाय चढणार नाही, असा. आणि बिरनाळे साहेबांकडे वळली.

"साहेब, कोड मी आणखी कुणाला तरी दाखवेन. पण रोगाचे आकडे तुम्ही वाचाल का? तुमची हरकत असेल तर चढणार नाही."

साहेब गाल चोळत म्हणाले, "आणि माझे सोळा?"

"सोळा का, ते लिहून द्या. पटलं तर घेऊ. तोवर तुमच्या घरचा फोन मुका करते. वाजणार नाही, पण मजकूर येईल. यादीत नाव तिसरंच राहील."

"हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?" साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. मी शालीत तोंड घातलं.

शनिवारी पहाटे पाचला माझा फोन वाजला. पान ओलं आहे. मी अंगणात आलो तर माळापर्यंत जागोजागी ट्रॅक्टर चालू झालेले, चौदाशे घरांत दिवे, औषधाचा वास. तीन दिवस ढग राहिले. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा करंजवडीत डाऊनी शोधायला भिंग लागत होतं. शेजारच्या गावात काय झालं ते सांगत नाही, तिथं माझे पाहुणे आहेत.

सोमवारी सकाळी मी मुद्दामच स्टँडवर गेलो. गाडी आली, गेली. ऑफिसात आलो तर वैजू बसलेली.

"पुण्याचं काय केलंस?"

"कळवलं. इथं काम आहे म्हणून."

"आणि मी आता काय करू?"

"शिका," ती म्हणाली. "काही सुचलं तर लिहून पाठवा. मी वाचेन."

माझं वय तेव्हा साठ. दुपारच्या वेळी मी तिच्यासमोर पाटी घेतलेल्या पोरासारखा बसायला लागलो. बिरनाळे साहेबांनी सोळावर बारा पानं लिहून दिली. वैजूनं ती सगळी वाचली, त्यांच्या बाजूच्या केंद्राची दोन महिन्यांची मोजणी काढली आणि तेवढ्या एका केंद्राला दहाचे अकरा केले. साहेबांनी गावात पेढे वाटले.

पुढच्या दसऱ्याला मी माझं पहिलं काम पाठवलं. केंद्राची बॅटरी संपत आली की आपोआप कळवायचं, अशी सोळा ओळींची गोष्ट. मोठ्या डौलात पाठवलं. तासाभरात परत आलं. खाली वैजूनं लिहिलं होतं, "काका, बॅटरी संपल्यावर हे कळवणार कोण? बॅटरीच?"

मी सुधारून पाठवलं. परत आलं. पुन्हा पाठवलं, परत आलं. या वेळी बिरनाळे साहेबांनी शुद्धलेखनही काढलं होतं. मार्गशीर्ष संपता संपता एका दुपारी ते परत आलं नाही. मी दोनदा उघडून बघितलं. खाली एकच शब्द होता: "घेतलं."

गावात मी सांगतो, पहिल्याच खेपेला घेतलं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, पाचव्या खेपेला. नोंद बघाल तर सात दिसतील. वाचायचा हक्क वैजूनं आता सगळ्या गावाला दिलाय, बघा जाऊन.